रतिबाचे दूध आणि चहावाल्यांचा संगणक

तुमच्या घरी दूध रतिबाचे येते का? येत असेल, तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर एकदा नीट पाहा. काही तारखांच्या चौकटींत आईने किंवा आजीने पेन्सिलीने खुणा केलेल्या दिसतील. दोन ठिकाणी फुली, तीन ठिकाणी 'अर्धा जादा'. बाकीच्या चौकटी कोऱ्या. या कोऱ्या चौकटींचा अर्थ काय? त्या दिवशी दूध आले नाही असा मुळीच नव्हे. त्या दिवशी दूध 'ठरल्याप्रमाणे' आले, असा त्यांचा अर्थ. महिनाअखेरीस हिशेब होतो तो असा: रोज एक लिटरप्रमाणे तीस दिवसांचे तीस लिटर, त्यातून दोन खाडे वजा, तीन वेळचे मिळून दीड लिटर जादा, एकूण साडेएकोणतीस लिटर. तीस दिवसांचा हिशेब पाच खुणांत झाला!

हीच आई जर रोज वहीत 'आज एक लिटर आले' असे लिहीत बसली असती, तर तीस नोंदी कराव्या लागल्या असत्या. हिशेब काही अधिक बिनचूक झाला नसता. उलट एखाद्या दिवशी लिहायचे राहून गेले असते आणि दूधवाल्याशी हुज्जत पडली असती.

ही घरगुती गोष्ट मी का सांगतो आहे? हल्ली वर्तमानपत्रांत 'डिजिटल परिवर्तन' हा शब्द वारंवार येतो. मोठमोठ्या कंपन्या आपला कारभार उत्कृष्ट व्हावा म्हणून संगणकांवर पुष्कळ पैसा खर्च करतात. काहींचा कारभार खरोखरच सुधारतो, काहींचा होता तसाच राहतो. एकाच प्रकारचे यंत्र घेऊन दोघांत हा फरक का पडावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण सत्तर वर्षांहून अधिक मागे जाऊ. कारभारासाठी संगणक वापरण्याची सुरुवात जिथे झाली, तिथेच आपल्याला या रतिबाच्या हिशेबाचे एक भावंड भेटणार आहे.

चहा, केक आणि कागदांचे ढीग

लंडनमध्ये जे. लायन्स अँड कंपनी नावाची एक प्रसिद्ध कंपनी होती. तिचे पहिले चहापानगृह १८९४ साली पिकाडिली या रस्त्यावर उघडले. पुढे अशी चहापानगृहे गावोगावी निघाली. चहा, पाव, केक, आइसक्रीम असे नाना पदार्थ ही कंपनी स्वतःच तयार करी. पश्चिम लंडनमधील 'कॅडबी हॉल' येथे तिच्या बेकऱ्या, स्वयंपाकघरे आणि कचेऱ्या होत्या.

आता या धंद्यातली अडचण ध्यानात घ्या. मोटारी विकणारा कारखाना वर्षभरात काही हजार मोटारी विकील. प्रत्येक विक्रीची किंमत मोठी, नफाही मोठा. एका विक्रीसाठी चार कागद लिहावे लागले तरी बिघडत नाही. पण एक कप चहा आणि एक बन विकण्यात नफा तो किती? अगदी किरकोळ. असे व्यवहार मात्र दिवसाला हजारोंनी होणार! प्रत्येक व्यवहाराची चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीची बेरीज, प्रत्येक दुकानाचा ताळेबंद. हे लिहिण्याचा खर्चच नफा खाऊन टाकणार.

म्हणून लायन्सने १९२३ साली केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या जॉन सिमन्स नावाच्या तरुणाला नोकरीवर घेतले. कचेरीतले काम नेमके कसे चालते, कोणता कागद कोठून कोठे जातो, तो तिथे गेला नाही तर काय बिघडेल, याचा अभ्यास करण्यासाठी पुढे या कंपनीत एक स्वतंत्र विभागच निघाला. संगणक हे यंत्र जन्माला येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, हे विसरू नका. यंत्राच्या कितीतरी आधी या मंडळींनी कामाकडे पाहायला सुरुवात केली होती.

यंत्र मिळेना, म्हणून बांधले

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४७ साली लायन्सचे दोन अधिकारी, टी. आर. टॉम्सन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड, अमेरिकेत गेले. कचेरीच्या कामातल्या नव्या पद्धती पाहाव्यात हा त्यांचा उद्देश. तोफगोळ्यांचे मार्ग काढण्यासारखी प्रचंड गणिते करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे तिकडे तयार होत होती. प्रिन्स्टन येथे हर्मन गोल्डस्टाइन या शास्त्रज्ञाला ते भेटले. असे यंत्र केक-बिस्किटांच्या हिशेबाला चालेल का, अशी त्यांची चौकशी. गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितले की तुमच्याच देशात, केंब्रिजला, असे यंत्र बांधण्याचे काम चालू आहे!

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांचे सहकारी 'एड्सॅक' हा संगणक बांधत होते. लायन्सने त्यांना पैशाची मदत दिली आणि आपला एक तंत्रज्ञही पाठवला. ६ मे १९४९ रोजी एड्सॅकने पहिली आज्ञावली चालवून वर्गसंख्यांचे कोष्टक छापले. मग लायन्सने ठरवले, की याच धर्तीवर आपण आपला संगणक बांधायचा. बाजारात असे यंत्र विकत मिळतच नव्हते. या यंत्राचे नाव पडले 'लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस', म्हणजे थोडक्यात 'लिओ'. ते बांधण्याची जबाबदारी जॉन पिंकर्टन या अभियंत्याकडे आली. युद्धकाळात त्यांनी रडारवर काम केले होते, आणि नंतर केंब्रिजला द्रवपदार्थांतील श्राव्यातीत ध्वनीवर संशोधन केले होते. चहाच्या कंपनीला ध्वनीच्या अभ्यासकाचा काय उपयोग, असे तुम्हाला वाटेल. तेच आता पाहू.

पाऱ्यात साठवलेले आकडे

संगणकाला आकडे लक्षात ठेवावे लागतात. आज हे काम सिलिकॉनची इवलीशी चकती करते. १९५० च्या सुमारास असे काही नव्हते. लिओमध्ये सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नलिका, होत्या. एकेक आकडा व्हॉल्व्हमध्ये साठवायचा म्हटले, तर यंत्र फार मोठे आणि फार महाग झाले असते. मग आकडे ठेवायचे कोठे? उत्तर होते: पाऱ्याच्या नळीत, ध्वनीच्या रूपाने!

तुम्ही डोंगरात 'ओ' देता आणि प्रतिध्वनी ऐकता. तुमचा आवाज डोंगरापर्यंत जाऊन परत येईपर्यंत तो जणू हवेत 'साठवलेला' असतो. प्रतिध्वनी ऐकताच तुम्ही तोच शब्द पुन्हा उच्चारलात, तर तो शब्द हवा तितका वेळ टिकवता येईल. पाऱ्याची नळी हेच करते. नळीच्या दोन्ही टोकांना क्वार्ट्‌झचा स्फटिक बसवलेला असतो. क्वार्ट्‌झवर विजेचा दाब दिला की तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. उलट त्यावर यांत्रिक दाब पडला की विजेचा दाब निर्माण होतो. याला दाबविद्युत् परिणाम म्हणतात. एका टोकाला विजेचा स्पंद दिला की पाऱ्यात ध्वनीचा स्पंद निघतो, तो दुसऱ्या टोकाला पोचला की पुन्हा विजेचा स्पंद मिळतो. हा स्पंद मजबूत करून पुन्हा पहिल्या टोकाला सोडायचा. असे चक्र सतत चालू राहते.

थोडा हिशेब करू. पाऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४५० मीटर असतो. नळी १.६ मीटर लांब धरली, तर

काल = १.६ ÷ १४५० = सुमारे ०.००११ सेकंद.

हे यंत्र सेकंदाला ५ लाख स्पंदांच्या ठेक्यावर चाले. म्हणून एका वेळी नळीत मावणारे स्पंद

५,००,००० × ०.००११ = सुमारे ५५०.

दोन स्पंदांमधले अंतर काढा: १४५० ÷ ५,००,००० = ०.००२९ मीटर, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. मुंग्यांच्या रांगेसारखे हे स्पंद एकामागून एक चालत असतात! तारेतली वीज इथे उपयोगी नाही, कारण ती फार वेगवान. प्रकाशाच्या वेगाने जाणारा संकेत ०.००११ सेकंदात ३३० किलोमीटर जाईल. इतकी लांब तार कोण गुंडाळून ठेवणार? ध्वनीचा संथपणाच इथे कामाला आला.

पण पाराच कशाला? पाणी का नको? ध्वनी एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना त्याचा काही भाग परावर्तित होतो. किती, हे पदार्थाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. पाऱ्याचा हा गुणाकार १३,६०० × १४५०, म्हणजे सुमारे २ कोटी येतो. क्वार्ट्‌झचा सुमारे दीड कोटी. पाण्याचा मात्र जेमतेम १५ लाख. क्वार्ट्‌झ आणि पाणी यांच्या सीमेवर ध्वनीची सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा परत फिरते. क्वार्ट्‌झ आणि पारा यांच्या सीमेवर फक्त दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून पारा.

आणखी एक अडचण होती. तापमान एक अंशाने वाढले की पाऱ्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरने कमी होतो. हे अगदी क्षुल्लक वाटते. पण साडेपाचशे स्पंदांच्या रांगेत तीन अंशांच्या फरकाने शेवटचा स्पंद अर्धे घर सरकतो, आणि सगळा हिशेब कोलमडतो. त्यामुळे नळ्यांचे तापमान कायम राखावे लागे. अशा ६४ नळ्यांच्या स्मरणकोशात मिळून सुमारे दोन हजार संख्या मावत. तुमच्या घरातल्या साध्या मोबाइलची स्मृती याच्या लक्षावधी पटींनी मोठी असते.

'डिजिटल' म्हणजे काय?

डिजिट म्हणजे अंक. म्हणून डिजिटलला आपण अंकीय म्हणतो. लिओच्या नळीत प्रत्येक घरी फक्त दोनच शक्यता होत्या: स्पंद आहे किंवा नाही. 'आहे' म्हणजे १, 'नाही' म्हणजे ०. सगळ्या संख्या या दोन अंकांत लिहिल्या जात.

असे का? समजा आपण स्पंदाच्या उंचीने आकडा दाखवला. सात हा आकडा सात एकक उंचीचा. नळीतून जाताना स्पंद थोडा दुबळा होणारच. पहिल्या फेरीत सातचे ६.९ झाले, पुढच्या फेरीत ६.८. नळीतून सेकंदाला सुमारे नऊशे फेऱ्या होत असताना थोड्याच वेळात सातचे काय उरेल? पण 'आहे की नाही' एवढेच विचारायचे असेल, तर दुबळा स्पंदही 'आहे' एवढे खात्रीने सांगतो. मग यंत्र जुना स्पंद फेकून देते आणि त्याच्या जागी नवा, पूर्ण ताकदीचा स्पंद सोडते. चूक साचत नाही. अंकीय पद्धतीचे सारे सामर्थ्य यात आहे. आईच्या कॅलेंडरवरची फुलीही अशीच: ती वाकडी असो की सरळ, पुसट असो की ठळक, 'खाडा' एवढाच तिचा अर्थ.

पहिले काम

५ सप्टेंबर १९५१ रोजी लिओवर बेकरीच्या हिशेबाची आज्ञावली चालवून पाहिली गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस हे काम दर आठवड्याला नियमाने लिओकडे आले. बेकऱ्यांतून किती पाव, केक आणि पाय निघाले, त्यांना साहित्य, मजुरी आणि इंधन यांचा खर्च किती आला, माल कोणत्या विभागाकडे गेला आणि त्याची किंमत काय, असा तो हिशेब होता. एखाद्या कंपनीचे नेहमीचे कारभाराचे काम संगणकाने नियमितपणे करण्याचा जगातला हा पहिला प्रसंग मानला जातो.

पुढे पगारपत्रके आली. एका कामगाराचा आठवड्याचा पगार, कर आणि इतर कपाती यांचा हिशेब करायला अनुभवी कारकुनाला सुमारे ८ मिनिटे लागत. लिओ तो दीड सेकंदात करी. म्हणजे ३२० पट वेगाने! हे आकडे वाचून तुम्ही म्हणाल, 'झाले तर मग. यंत्र वेगवान, म्हणून कारभार उत्कृष्ट.' थांबा. इथेच बहुतेक लोक फसतात.

यंत्र वेगवान, बोटे संथ

एखाद्या टाकीला कितीही मोठा नळ बसवा. टाकीत पाणी येणारी नळी बारीक असेल, तर नळातून सतत मिळणारे पाणी त्या बारीक नळीइतकेच असेल. कोणत्याही कामाची गती त्यातल्या सर्वांत संथ टप्प्यावर ठरते. लिओ एक आज्ञा साधारणपणे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा थोड्या अधिक वेळात पार पाडी. पण आकडे त्याच्या पोटात जाणार कसे? छिद्रे पाडलेल्या कागदी पत्त्यांतून आणि फितींतून. ती छिद्रे माणसाच्या बोटांनीच पाडायची.

हिशेबापुरते काही आकडे धरू. १५० चहापानगृहे आहेत, आणि प्रत्येकाला उद्यासाठी १०० पदार्थ किती हवेत ते कळवायचे आहे. रोजचे १५,००० आकडे झाले. एका आकड्याचे छिद्र पाडायला ४ सेकंद धरले, तर ६०,००० सेकंद, म्हणजे १६ तास ४० मिनिटे लागतील. एवढ्यात उद्याचा दिवस उजाडेल आणि पाव भाजायचे राहतील! यंत्र दहापट वेगवान आणले, तरी यात एका मिनिटाचाही फरक पडणार नाही.

लायन्समध्ये कामाच्या पद्धतीचा अभ्यास करून ते काम लिओसाठी बसवण्याची जबाबदारी डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे होती. ते मुळात यंत्रवाले नव्हते. लिओ येण्याच्या आधीपासून ते याच कंपनीत नोकरीला होते आणि कारभाराचे खाचखळगे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या हाताखाली १९५२ पासून मेरी कूम्ब्स काम करू लागल्या. त्या फ्रेंच भाषेच्या पदवीधर. व्यापारी कामासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. या मंडळींनी यंत्राकडे पाहण्याआधी दुकानाकडे पाहिले. दुकान सोमवारी किती पाव मागवते? साधारण गेल्या सोमवारी मागवले तितकेच!

लंडनचा रतीब

मग १९५४ च्या ऑक्टोबरात जी पद्धत सुरू झाली, ती ऐका. प्रत्येक चहापानगृहाची आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक ठरलेली मागणी तयार केली. सोमवारची वेगळी, शनिवारची वेगळी. हा झाला रतीब. दुकानाच्या व्यवस्थापिकेला रोज ठरलेल्या वेळी कॅडबी हॉलमधून दूरध्वनी येई. तिने फक्त फरक सांगायचा: 'उद्या बन दोन डझन जादा, अमुक केक नकोत.' पलीकडे कानाला श्रवणयंत्र लावून बसलेली मुलगी ऐकता ऐकताच पत्त्यांवर छिद्रे पाडी. मधे कागदावर लिहून घेणे नाही, त्यावरून पुन्हा नक्कल करणे नाही. ठरलेली मागणी आणि फरक यांची बेरीज-वजाबाकी लिओ करी, आणि कोणत्या बेकरीने किती माल बनवायचा, कोणत्या दुकानाला काय पाठवायचे, त्याच्या याद्या छापून देई.

आपल्या हिशेबात दर दुकानामागे सहा फरक धरा. १५० दुकानांचे ९०० फरक. प्रत्येकी ४ सेकंद म्हणजे ३६०० सेकंद, म्हणजे बरोबर एक तास! सोळा तास चाळीस मिनिटांचे काम एका तासावर आले. हा फायदा सहा हजार व्हॉल्व्हनी मिळवून दिला का? नाही. 'जे ठरलेले आहे ते पुन्हा लिहू नका, बदल तेवढा लिहा,' या विचाराने मिळवून दिला. व्हॉल्व्ह नसते तर तो विचार एवढ्या मोठ्या धंद्यात राबवता आला नसता, हेही तितकेच खरे. विचार आणि यंत्र दोन्ही हवेत. पण आधी विचार.

हाच विचार आज तुमच्या हातात आहे. मोबाइलवर मावशीशी चित्रफोनवर बोलता, तेव्हा तिच्यामागची भिंत दर क्षणी नव्याने पाठवली जात नाही. बहुतांशी चित्रातला बदल तेवढा पाठवला जातो: हललेले ओठ, हललेला हात. म्हणून थोड्या माहितीत काम भागते.

यंत्र आले, काम तसेच

आता उलट उदाहरण. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत काही वर्षांपूर्वी मोठ्या थाटाने संगणक आले. मी एका दाखल्यासाठी तिथे गेलो होतो. लेखनिकांनी माझा अर्ज आधी जाडजूड नोंदवहीत उतरवला. मग तोच मजकूर संगणकात भरला. मग तो छापला. आणि छापलेला कागद कात्रीने कापून त्याच नोंदवहीत, हाताने लिहिलेल्या ओळीच्या शेजारी, खळीने चिकटवला! मी विचारले, "हे कशासाठी?" ते म्हणाले, "सर, नोंदवही पहिल्यापासून आहे. संगणक नंतर आला."

मला हसू आले, पण घरी येताना विचार केला. त्या लेखनिकांची चूक काय? काम अधिक झाले ते त्यांचेच, आणि ते मुकाट्याने करत होते. नोंदवही कशासाठी आहे, ती कोण वाचतो, ती नसली तर काय अडेल, हा प्रश्न यंत्र विकत घेण्यापूर्वी कोणीतरी विचारायला हवा होता. सिमन्स यांच्या विभागात हाच प्रश्न संगणक येण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून विचारला जात होता. दोन्हीकडे यंत्र आले. एकीकडे काम सोळा पटींनी घटले, दुसरीकडे दुप्पट झाले. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

पुढे काय झाले?

लिओची कीर्ती पसरली. फोर्ड मोटार कंपनीसारख्या इतरांचे पगाराचे हिशेबही त्यावर होऊ लागले. संगणक बांधून विकण्यासाठी लायन्सने १९५४ साली 'लिओ कॉम्प्युटर्स' ही कंपनी काढली. पण संगणकांच्या बाजारात फार मोठे भांडवल लागत होते. १९६३ साली हा उद्योग 'इंग्लिश इलेक्ट्रिक' या कंपनीच्या संगणक विभागात विलीन झाला. पहिला लिओ १९६५ च्या जानेवारीत कायमचा बंद झाला.

आणि लायन्सचे काय? १९७० नंतर या कंपनीने परदेशांत धंदा वाढवण्यासाठी परकी चलनात मोठी कर्जे काढली. पुढे पौंडाची किंमत घसरली, कर्जाचा बोजा वाढला, आणि १९७८ साली ही कंपनी दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीची झाली. चहापानगृहेही यथावकाश बंद पडली.

ही हकिगत मी मुद्दाम सांगितली. बनांचा हिशेब अचूक ठेवणारे यंत्र 'एवढे कर्ज काढावे की नाही' हे ठरवत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते. यंत्र फार तर त्यांच्यापुढे खरे आकडे वेळेवर ठेवील. उत्कृष्ट कारभार एकदा मिळवला आणि कपाटात ठेवला, असे होत नाही. लिओच्या नळीतल्या स्पंदासारखा तो प्रत्येक फेरीत नव्याने उभा करावा लागतो.

करून पाहा

(१) घरातल्या कॅलेंडरवरून गेल्या महिन्याचा दुधाचा किंवा वर्तमानपत्राचा हिशेब करा. ठरल्याप्रमाणे आले तो दिवस ०, बदल झाला तो दिवस १, अशी सलग रांग लिहा. रांगेत शून्ये अधिक की एक अधिक? एक फारच अधिक असतील, तर तुमचा 'रतीब' चुकीचा ठरला आहे. तो बदलून पाहा.

(२) वर्गात रोज हजेरी घेताना सर्वांची नावे पुकारायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा. मग फक्त गैरहजर मुलांची नावे टिपायला किती वेळ लागतो, ते मोजा. दुसऱ्या पद्धतीत कोणती चूक होण्याचा संभव आहे? ती टाळण्यासाठी कोणती एकच संख्या मोजून ताडून पाहता येईल?

(३) लिओच्या नळीत पाऱ्याऐवजी हवा भरली, असे समजा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. १.६ मीटर लांबीच्या नळीत, त्याच ठेक्यावर, किती स्पंद मावतील? आकडा पाऱ्यापेक्षा मोठा येईल. मग पिंकर्टन यांनी हवा का वापरली नाही? हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम असते. तिचा ध्वनीच्या वेगाशी गुणाकार करून क्वार्ट्‌झच्या दीड कोटींशी ताडून पाहा, म्हणजे उत्तर आपोआप सापडेल.

(४) तुमच्या शाळेत, पतपेढीत किंवा ओळखीच्या दुकानात एखादा कागद दोनदा लिहिला जातो का, ते शोधा. सापडला, तर तो लिहिणाऱ्याला हसू नका. 'हा कागद पुढे कोण वाचतो?' एवढेच नम्रपणे विचारा, आणि मिळालेले उत्तर टिपून ठेवा.